मी पाणी दुरुस्त केलं

मासे मी मारले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी मला "अहो सर, मासेच ते, कधीतरी जायचेच" असलं ऐकवायला नको. शेजारचे ऐकवून गेले. अळणावरहून मेहुण्यानं फोन करून ऐकवलं. जायचेच म्हणे! डोंबलाचं जायचेच. पाच वर्षं ठणठणीत होते ते. मी त्यांना एका सकाळीत संपवलं, आणि तेही मोजूनमापून, अगदी पद्धतशीर.

चौतीस वर्षं मी धारवाडच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. टायट्रेशन करताना एक थेंब जास्त पडला तर पोराला सगळं ओतून परत पहिल्यापासून करायला लावायचो. पोरं मागे काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, इथे लिहिण्यासारखं नाही. राग माझ्या नाकावर असायचा, आणि घरी आल्यावर तो काही दारात चपलांबरोबर काढून ठेवत नव्हतो. अनुसयानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो सोसला. सुमंतनं हसण्यावारी नेला.

सुमंत आमचा एकुलता एक. मेकॅनिकल झाला आणि तारिहाळला एका कारखान्यात लागला. उणकलच्या आमच्या घरातून मोटरसायकलनं जायचा-यायचा. चौदा महिन्यांपूर्वी एका बुधवारी संध्याकाळी परत येताना ट्रकनं त्याला उडवलं. एकतीस वर्षांचा होता. त्या दिवसाबद्दल मला याहून जास्त काही सांगायचं नाही.

त्याला माशांचा नाद होता. खोलीत चार फुटी टँक, त्यात दोन एंजल मासे. तळहाताएवढे, चपटे, अंगावर उभे काळे पट्टे. एक थोडा मोठा, एक लहान. अनुसया त्यांना थोरला आणि धाकटी म्हणायची. मी त्या टँकवरून पोराला कमी बोललो नाही. "लग्न कर म्हटलं तर हा मासे घेऊन येतो," हे माझं ठरलेलं वाक्य. एकदा तो काचेच्या ग्लासात पाणी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी पेपर वाचत होतो. "अप्पा, आपल्या बोअरच्या पाण्याचा हार्डनेस किती असेल हो?" मी मान वर न करता म्हटलं, "इंजिनिअर झालास ना? अकरावीचं पुस्तक काढ आणि वाच." तो हसला, कन्नडमध्ये "हौद री सर", म्हणजे हो सर, म्हणाला आणि गेला. चौतीस वर्षांत कुणाच्या पोरानं हा प्रश्न विचारला असता तर मी खडू घेऊन फळा भरून टाकला असता. माझ्या पोराला मी पुस्तक काढ म्हणालो.

तो गेल्यावर अनुसया त्या माशांवर जगली. अतिशयोक्ती नाही करत. पहिले काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागायचं. पाचव्या दिवशी एकदम उठून बसली आणि म्हणाली, "अय्यो, माशांना कुणी खायला घातलं?" कुणीच नव्हतं घातलं. ती भिंत धरत धरत त्या खोलीत गेली आणि तासाभरानं बाहेर आली ती चहा मागत. तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ झाली की आधी मासे, मग देव. शुक्रवारी परसातल्या बोअरच्या नळाचं दोन बादल्या पाणी काढून ठेवायचं, शनिवारी टँकमधलं तेवढंच काढायचं आणि हे घालायचं. सुमंत असंच करायचा, तिनं बघितलं होतं. दुपारी खुर्ची ओढून तिथेच बसायची आणि त्यांच्याशी बोलायची. आज भाजी काय, कुणाचा फोन आला, सगळं. सुमंतचं जिवंत असं या घरात तेवढंच उरलं होतं, आणि ते तिनं घट्ट धरलं होतं.

मी त्या खोलीत जात नव्हतो. उंबऱ्यापर्यंत जायचो. पुढे पाय उचलायचा नाही.

मागच्या महिन्यात एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "अहो, टँकच्या काचेला पांढरं पांढरं धरलंय. पाण्यात काही असेल का? जन्मभर लोकांच्या पोरांना शिकवलंत, एकदा आपलं पाणी बघा की."

मी आधी टाळलं. मग ती चार दिवस रोज तेच म्हणत राहिली. शेवटी मी गणेशला फोन केला. गणेश आमच्या लॅबचा अटेंडर, आता त्याचीही निवृत्ती जवळ आली आहे. तो पिशवीत ब्युरेट, स्टँड, रसायनांच्या बाटल्या, पीएचचे कागद, सगळं घेऊन आला. "सर री, परत प्रॅक्टिकल का?" म्हणाला. त्या सामानाच्या जोरावर मी उंबरा ओलांडला. रिकाम्या हातानं जमलं नसतं. सुमंतच्या टेबलावर स्टँड उभा केला, त्याच्याच खुर्चीत बसलो आणि टँकमधलं पाणी तपासायला घेतलं.

हार्डनेस साडेचारशे आला. पीएच आठ पूर्णांक तीन.

मी परत केलं. तेच. सुमंतच्या फळीवर माशांचं पुस्तक होतं, ते काढलं. एंजल माशाला हलकं पाणी लागतं, पीएच सातच्या किंचित खाली असावा, असं त्यात लिहिलेलं, आणि त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ. सुमंतचीच रेघ! म्हणजे याला माहीत होतं. माहीत असून मुकाट्यानं बोअरचं जड पाणी घालत राहिला!

"अरे गाढवा!" मी ओरडलोच. "रेघा मारायला बरं येतं, करायला नको! आळशी लेकाचा! बापाला विचारायला काय झालं होतं?"

अनुसया स्वयंपाकघरातून धावत आली. मी सुमंतच्या खुर्चीत बसून सुमंतला रागावत होतो. विचारलं होतं त्यानं बापाला, तेही मला आठवत होतं, पण थांबवेना. चौदा महिन्यांनी मला माझ्या पोराशी भांडायला मिळालं होतं. किती बरं वाटत होतं म्हणून सांगू! मी बोलतच होतो. ती दारात उभी राहून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला कितीतरी दिवसांनी जरा उजेड दिसला.

मी ठरवलं, हे पाणी आपण दुरुस्त करायचं. पोरासाठी आता करण्यासारखं दुसरं काय होतं माझ्याकडे?

आमच्या भागात नळाचं पाणी अजूनही दर आठ दिवसांनी येतं. ते धरणाचं गोडं पाणी, हलकं. पिण्यापुरतंच वापरायचं, बाकी सगळ्याला बोअर. त्यामुळे नळाचा दिवस म्हणजे घरात लगीनघाई. घागरी, हंडे, पिंप, सगळं रिकामं करायचं, उरलंसुरलं पाणी शिळं म्हणून झाडांना घालायचं, भांडी चिंचेनं लख्ख घासायची आणि नवं पाणी भरायचं. माझी आई तसंच करायची, अनुसयाची आईही. शिळ्यात ताजं कुणी मिसळत नाही. गुरुवारी पहाटे नळ आला. मी म्हटलं, आज टँकसुद्धा.

अनुसया घासता घासता थांबली. "सगळं काढायचं? सुमंत थोडं थोडंच बदलायचा हो."

"तू शिळ्या घागरीवर ताजं पाणी ओततेस का?"

"नाही, पण..."

"मग पाच वर्षांच्या शिळ्या पाण्यावर कशाला ओतायचं? माशांनी काय घोडं मारलंय?"

तिच्याच स्वयंपाकघरातला कायदा मी तिला दाखवला होता. शिवाय नवरा केमिस्ट्रीचा. तिनं पदर खोचला आणि कामाला लागली. आठ दिवसांच्या पिण्याच्या पाण्यातलं निम्मं तिनं माशांना दिलं. "आपण फिल्टर करून बोअरचंच पिऊ," म्हणाली.

मासे जुन्या पाण्याच्या बादलीत काढून ठेवले. टँक नळीनं रिकामा केला. खालची रेती धुतली. फिल्टरमधला स्पंज काळा झाला होता, तो नळाखाली धरून पाणी निवळ येईपर्यंत पिळला. मग नवं पाणी भरलं. त्यातलं क्लोरीन मारायला हायपोचे खडे घातले, इतपत अक्कल मला होती. मग ड्रॉपरनं आम्ल. एक थेंब, ढवळ, तपास. एक थेंब, ढवळ, तपास. अकराच्या सुमारास पीएच सहा पूर्णांक आठवर येऊन थांबला. हार्डनेस नव्वद. पुस्तकातल्यासारखं. इतकं नेटकं काम मी जन्मात केलं नव्हतं. पोराच्या पेपरावर शंभरपैकी शंभर लिहावेत तसं वाटलं. जाळीनं उचलून दोन्ही मासे त्यात सोडले.

"किती निवळ दिसतंय हो," अनुसया म्हणाली. "त्यानं बघायला हवं होतं."

"बघितलं असतं तर भांडला असता."

ती हसली. मीही हसलो. सुमंतच्या खोलीत आम्ही दोघं हसलो, दुपारच्या जेवणाआधी, एवढं मात्र झालं.

एक वाजता तिनं हाक मारली. आवाजावरूनच मला कळलं. थोरला कोपऱ्यात तोंड खुपसून होता, पर अंगाला चिकटलेले. काळे पट्टे पुसट झाले होते. कल्ले भराभरा हलत होते. धाकटी वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड उघडत होती, मिटत होती. मी पीएच बघितला. सहा पूर्णांक आठ. परत बघितला. सहा पूर्णांक आठ. तिसऱ्यांदा बघितला. आकडा बरोबर होता. अहो, आकडा अगदी बरोबर होता!

हुबळीत सतीश म्हणून एक जण माशांचं दुकान चालवतो. सुमंत त्याच्याकडूनच सगळं आणायचा, आणि सुमंत गेला तेव्हा तो दहाही दिवस घरी येऊन बसला होता. त्याला फोन लावला. काय केलं ते सांगितलं. तो कन्नडमध्ये बोलत होता, मी मराठीत, आमचं तसंच चालतं.

"सर री, एकदम सगळं? स्पंजसुद्धा धुतला? त्यातल्या जिवाणूंवर तर टँक जगतो."

"पुस्तकात होतं तसंच केलंय रे. पाणी चुकीचं होतं. साडेचारशे!"

"ते मला ठाऊक आहे, सर. ते मासे माझ्याकडेच जन्मले, इथल्याच बोअरच्या पाण्यात. त्यांचे आईबापसुद्धा. त्यांना तेच पाणी घर झालं होतं. पुस्तकातली नदी त्यांनी कुठे बघितली? हळूहळू बदललं असतं, महिना-दोन महिने घेऊन, तर एक वेळ सोसलं असतं त्यांनी. एका दिवसात नाही सोसत." मग म्हणाला, "सुमंत पण असाच आला होता ते पुस्तक घेऊन, पाणी बदलू का विचारायला. मी म्हटलं, बरे आहेत ना, इरली बिड, राहू दे. तो म्हणाला, राहू दे तर राहू दे, पण आमच्या अप्पांना कळू देऊ नको, चुकीचा आकडा घरात आहे म्हटल्यावर त्यांना झोप लागायची नाही."

मी फोन कानाला धरून उभा होतो.

सतीशनं सांगितलं तसं केलं. बोअरचं पाणी बादलीत काढलं आणि तांब्या तांब्यानं, मध्ये दहा-दहा मिनिटं थांबून, टँकमध्ये घालत राहिलो. एक तांब्या मी, एक अनुसया. ती मोठ्यानं म्हणत होती, "ये रे बाळा, ये, हे बघ आपलं पाणी आलं, तुझंच पाणी आलं." आजारी पोराला बोलावं तसं. दुपारभर ती उठली नाही. जेवण तसंच ओट्यावर राहिलं. मी मध्येच परसात जाऊन कपाळ बडवून आलो, खरंच बडवून आलो, आणि परत तांब्या घेऊन बसलो. देवा, मला एक तरी ठेव, म्हणत होतो. मी देवाला फार मानणारा माणूस नाही. त्या दिवशी मानलं.

दिवेलागणीला थोरला आडवा झाला. रेतीवर टेकला, एकदा शेपूट हलवली, आणि झालं. धाकटीनं रात्र काढली. सकाळी दूधवाला येऊन गेला तेव्हा ती वर तरंगत होती. अनुसयानं टँकमध्ये हात घातला आणि तिला ओंजळीत उचललं.

परसात कढीपत्त्याखाली मी खड्डा खणला. तिनं दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. मी माती ओढायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "थोरल्याचं नाव तुम्हाला माहीत होतं का?"

"थोरलाच ना?"

"ते माझं नाव. सुमंत त्याला 'सर' म्हणायचा. तुमच्यासमोर नाही म्हणायचा."

"सर का? मासा माझ्यासारखं तोंड वाकडं करायचा म्हणून?"

"पहिल्यांदा तेवढ्यासाठीच ठेवलं होतं. बोट घातलं की अंगावर यायचा. पण नंतर एकदा मला म्हणाला, आई, वरवर यानं कितीही रागाचा आव आणला तरी मी कामावरून आलो की पहिला काचेशी हाच येऊन उभा राहतो."

रोज संध्याकाळी मी फाटकाशी उभा असायचो. पेपरवाल्याची वाट बघतोय, गल्लीतल्या दिव्याची तक्रार करायची आहे, काही ना काही निमित्त असायचं माझ्याकडे. मोटरसायकलचा आवाज आला की आत यायचो आणि खुर्चीत बसायचो. कुणाला कळत नाही असं मला वाटायचं. मी तिथेच मातीत बसलो आणि हमसून हमसून रडलो. पोराच्या दहाव्यालाही असा रडलो नव्हतो.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. अनुसया जेवली नाही, फक्त चहा. त्या खोलीत गेली नाही. पंप बंद होता, त्याची घरघर चौदा महिने कानात होती, ती नव्हती. ती परत भिंतीकडे तोंड करून निजायला लागली. मला धडकी भरली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या पलंगाशी खाली बसलो आणि म्हटलं, "मला बोल. वाट्टेल ते बोल. तू थोडं थोडंच म्हणत होतीस, मी ऐकलं नाही. मी मारले ते. पोरानं विचारलं तेव्हा सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही तेव्हा शहाणपणा करायला गेलो. शिव्या घाल मला, पण अशी पडून राहू नको."

तिनं कूस बदलली.

"मला पाण्याचं काही नव्हतं हो," ती म्हणाली. "काचेला पांढरं पाच वर्षं धरतंय. तुम्ही त्या खोलीत यावं म्हणून म्हटलं मी. मी एकटीच बसायची तिथे. म्हटलं, सुमंतचे अप्पा पण येऊन बसू देत."

मी मान खाली घातली.

"आणि आलात की तुम्ही. त्याला रागावलात. मला वाटलं, आता होईल बरं." तिनं डोळे पुसले. "तुम्हाला काय बोलू? रविवारी उप्पीट करायचा तो, आठवतं? मीठ नेहमी जास्त. माझ्या ताटात घालायचा, तुमच्या ताटात घालायचा, मग त्या खोलीत जाऊन माशांना घालायचा त्यांचं. त्याच्या हातचं खाल्लेलं या घरात आता आपण दोघंच उरलोय. तुम्हाला बोलून बोलून तुम्हालाही घालवू का मी?"

मी तिचा हात धरला. पुष्कळ वेळानं ती उठली, केस बांधले आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. आम्ही कालची भाकरी आणि ताक घेतलं, आणि तिथेच ओट्याशी उभ्या उभ्या खाल्लं.